मतभेद टिकतात कसे? एका कोड्याचा नव्वद वर्षांचा इतिहास

१९३२ साली, हिवाळ्याच्या तोंडावर, न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन गावच्या मुलींच्या सुधारगृहातून दोन आठवड्यांत १४ मुली पळून गेल्या. संस्थेच्या नेहमीच्या मानाने हा आकडा फार मोठा होता. मुली वेगवेगळ्या घरांत राहत होत्या. त्यांच्या स्वभावात किंवा पूर्वायुष्यात या पळण्याचे पुरेसे कारण सापडत नव्हते. याकोब मोरेनो हे रुमानियात जन्मलेले आणि व्हिएन्नात वाढलेले मनोविकारतज्ज्ञ त्या वेळी हेलन जेनिंग्ज यांच्यासह या संस्थेत काम करत होते. तुला कोणाबरोबर राहायला आवडेल आणि कोण नको, असे त्यांनी मुलींना विचारले होते. उत्तरे त्यांनी कागदावर उतरवली. प्रत्येक मुलगी म्हणजे एक वर्तुळ, प्रत्येक आवड किंवा नावड म्हणजे एक रेघ. पळालेल्या मुली या नकाशावर शोधल्या, तेव्हा त्या रेघांनी एकमेकींशी जोडलेल्या निघाल्या. पळून जाण्याचा विचार याच रेघांवरून एकीकडून दुसरीकडे गेला, असा मोरेनो यांचा निष्कर्ष होता. आपण कोणत्या साखळीतले दुवे आहोत, हे त्या मुलींना स्वतःलाही ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

एप्रिल १९३३ मध्ये मोरेनो यांनी हे नकाशे न्यूयॉर्कमध्ये डॉक्टरांच्या एका संमेलनात मांडले आणि ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने त्याची बातमी छापली. आज आपण ज्याला ‘सोशल नेटवर्क’ म्हणतो, त्याच्या शास्त्रीय अभ्यासाचा आरंभ बरेच जण इथून धरतात. माणसांचे विचार त्यांच्या डोक्यात जन्मतात, पण त्यांचा प्रवास माणसांमधल्या नात्यांवरून होतो, ही कल्पना त्या कागदांवर प्रथमच डोळ्यांना दिसली. पुढच्या काही दशकांत ही कल्पना आकड्यांत आणि समीकरणांत उतरली आणि तिथे एक अनपेक्षित कोडे उभे राहिले. ते कोडे आणि त्याची उत्तरे शोधणारी माणसे, हा या लेखाचा विषय आहे.

निवडणूक, मका आणि पुण्याचा रेडिओ

१९४० च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत रूझवेल्ट यांच्यासमोर वेंडेल विल्की उभे होते. रेडिओ आणि वर्तमानपत्रे मतदारांची मने सहज फिरवतात, असा त्या काळी सार्वत्रिक समज होता. हिटलरच्या प्रचारयंत्रणेने हा समज अधिकच पक्का केला होता. व्हिएन्नाहून अमेरिकेत आलेले पॉल लाझार्सफेल्ड यांनी तो तपासायचे ठरवले. ओहायो राज्यातल्या ईरी परगण्यातले ६०० मतदार त्यांनी निवडले आणि मे ते नोव्हेंबर दर महिन्याला त्याच लोकांच्या मुलाखती घेतल्या. मत बदलणारे फार थोडे निघाले. जे बदलले, त्यांच्यावर रेडिओपेक्षा घरातल्या, शेजारच्या आणि कामावरच्या माणसांचा प्रभाव जास्त दिसला. प्रत्येक थरात काही माणसे बातम्या बारकाईने ऐकतात आणि बाकीचे त्या माणसांचे ऐकतात. १९४४ च्या पुस्तकात मांडलेला हा सिद्धांत ‘दोन पायऱ्यांचा प्रवाह’ म्हणून प्रसिद्ध झाला.

त्याच सुमारास आयोवा राज्यातल्या दोन वस्त्यांमध्ये ब्राइस रायन आणि नील ग्रॉस शेतकऱ्यांना एक साधा प्रश्न विचारत होते: संकरित मक्याचे बियाणे तुम्ही पहिल्यांदा कधी पेरले? हे बियाणे तिथे १९२८ च्या सुमारास आले होते. उत्पादन जास्त, दुष्काळात तग धरण्याची ताकद जास्त, तरीही पहिली पाच-सहा वर्षे फारसे कोणी ते घेतले नाही. मग अचानक वेग वाढला आणि १९४१ पर्यंत पाहणीतल्या २५९ शेतकऱ्यांपैकी २ सोडून सगळे संकरित मक्यावर आले होते. बियाण्याची माहिती बहुतेकांना विक्रेत्याकडून मिळाली होती, पण ते पेरण्याचा निर्णय झाला तो शेजाऱ्याचे शेत पाहून आणि त्याच्याशी बोलून. १९४३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाने नव्या कल्पनांच्या प्रसाराचा तो वळणदार आलेख रूढ केला: आधी संथ, मग झपाट्याने चढणारा, शेवटी पुन्हा सपाट.

या परंपरेची एक शाखा महाराष्ट्रातही रुजली. १९५६ मध्ये युनेस्कोच्या मदतीने आकाशवाणीने पुणे केंद्रावरून एक प्रयोग केला. तेव्हाच्या मुंबई राज्यातल्या पाच मराठी जिल्ह्यांमधली १५० गावे निवडली. प्रत्येक गावात वीसेक माणसांचे मंडळ बांधले. शेती, आरोग्य, गावकारभार अशा विषयांवरचे २० कार्यक्रम मंडळांनी एकत्र बसून ऐकायचे, ऐकून झाले की चर्चा करायची आणि आपले प्रश्न केंद्राकडे कळवायचे, अशी रीत होती. प्रयोगाचे मूल्यमापन टाटा समाजविज्ञान संस्थेने केले आणि त्याची धुरा पॉल नॉयराथ यांच्याकडे होती. नॉयराथही व्हिएन्नाचेच. डाखाउ आणि बुखेनवाल्ड या छळछावण्यांतून ते जिवंत सुटले होते आणि पुढे न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठात त्यांनी डॉक्टरेट मिळवली. लाझार्सफेल्ड याच विद्यापीठात शिकवत. नॉयराथ यांनी मंडळे असलेल्या गावांची तुलना मंडळे नसलेल्या गावांशी केली. त्या दुसऱ्या गटातल्या काही गावांत रेडिओ होता, काहींत नव्हता. ज्ञानातली मोठी वाढ मंडळांच्या गावांत दिसली. रेडिओ असून मंडळ नसलेली गावे बरीच मागे राहिली. नुसता आवाज गावात पोचणे आणि गावाने त्यावर आपसात बोलणे, यांतले अंतर पुणे, नगर, नाशिकच्या गावांनी मोजून दाखवले. नॉयराथ आणि आकाशवाणीचे महासंचालक जगदीशचंद्र माथुर यांनी लिहिलेला अहवाल १९५९ मध्ये युनेस्कोने प्रसिद्ध केला आणि या मंडळांचा प्रयोग देशभर नेण्यात आला.

मिशिगनचे सूत्र, येलचा प्रश्न

या साऱ्या पाहण्यांतून एक गोष्ट ठरली: माणसे माणसांचे ऐकतात. किती ऐकतात, याचा अस्वस्थ करणारा पुरावा सॉलोमन ॲश यांनी दिला. १९५१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात विद्यार्थ्यांना तीन रेघांपैकी कोणती चौथ्या रेघेएवढी आहे, इतकेच सांगायचे होते. उत्तर डोळ्यांसमोर होते. पण खोलीतले बाकीचे सगळे आधीच फितवलेले होते आणि ते ठरवून चुकीचे उत्तर देत. अशा फेऱ्यांमध्ये सुमारे एक तृतीयांश उत्तरे बहुमताच्या चुकीकडे झुकली. त्याच वेळी सुमारे एक चतुर्थांश विद्यार्थी एकदाही डगमगले नाहीत. ॲश यांनी एक बदल करून पाहिला: खोलीत बरोबर उत्तर देणारा आणखी एक साथीदार बसवला. तेवढ्याने बहुमताचा दाब मोठ्या प्रमाणात उतरला.

१९५६ मध्ये मिशिगन विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ जॉन फ्रेंच यांनी या प्रभावाला गणिताचे रूप दिले. त्यांची मांडणी विलक्षण साधी होती. एखाद्या प्रश्नावरचे मत म्हणजे एका सरळ रेषेवरचा बिंदू. गटातला प्रत्येक जण ज्यांचे ऐकतो, त्यांच्या मतांची आणि स्वतःच्या मताची सरासरी काढतो आणि त्या सरासरीकडे सरकतो. पुढच्या फेरीत पुन्हा तेच. कोण कोणाचे ऐकतो, हे बाणांच्या आकृतीने दाखवायचे. मिशिगनमध्येच आलेखशास्त्राचे मोठे अभ्यासक फ्रँक हॅरारी होते. त्यांनी १९५९ मध्ये या मांडणीचा पाया गणिती काटेकोरपणाने बांधला. निष्कर्ष असा: आकृतीतल्या प्रत्येक माणसापासून प्रत्येक माणसापर्यंत बाणांचा रस्ता पोचत असेल, मग तो कितीही आडवळणाचा असो, तर शेवटी गटाचे एकमत होते. मॉरिस डीग्रूट यांनी १९७४ मध्ये संख्याशास्त्राच्या वाटेने याच निष्कर्षाला व्यापक रूप दिले. त्यांच्या मॉडेलमध्ये प्रत्येक जण दुसऱ्यांच्या मताला कमी-जास्त वजन देतो. कोणाच्या शब्दाला अखेरच्या एकमतात किती वजन मिळाले, हेही त्या आकड्यांवरून काढता येते.

एकमताची हमी देणारे हे प्रमेय दिसायला सुंदर होते, पण बाहेरच्या जगाशी त्याचा मेळ बसत नव्हता. ही विसंगती ज्यांना सर्वांत बोचली ते येल विद्यापीठातले रॉबर्ट एबलसन. १९५० आणि ६० च्या दशकांत अमेरिकेतल्या शेकडो गावांमध्ये एक वाद पेटला होता. दात किडू नयेत म्हणून नळाच्या पाण्यात फ्लोराइड मिसळावे की नाही? मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्स शहराने जानेवारी १९४५ मध्ये सुरुवात केली आणि दंतवैद्यांनी तिला पाठिंबा दिला. पण प्रश्न गावच्या मतदानाला गेला की ठिकठिकाणी प्रस्ताव पडत. सभा होत, पत्रके निघत, शेजारी शेजाऱ्याशी रोज बोले आणि तरीही गाव मधल्या मतावर येण्याऐवजी दोन तटांत फुटे. एबलसन आणि ॲलेक्स बर्नस्टीन यांनी १९६३ मध्ये असे गावच संगणकात उभे केले. काल्पनिक नागरिक, त्यांचे परस्परांशी बोलणे, वर्तमानपत्रांतून येणारे युक्तिवाद आणि शेवटी मतदान, असा तो खटाटोप होता.

१९६४ मध्ये एबलसन यांनी तोवरच्या सगळ्या गणिती मॉडेलांचा धांडोळा घेतला. त्यांनी एक-एक गृहीतक बदलून पाहिले. दूरच्या मताचा प्रभाव कमी पडतो असे धरले. अंतर वाढेल तसा तो आणखी क्षीण होतो असे धरले. तरी गणिताचे उत्तर तेच येई: पुरेसा वेळ द्या, सगळे एकमताला येतील. मग त्यांनी प्रश्न उलटा केला. इतक्या साऱ्या मॉडेलांत जर एकमत अटळ असेल, तर खऱ्या गावांत दिसणारी दुफळी गणितात यायला माणसांबद्दल नेमके धरायचे तरी काय? तोपर्यंत शास्त्रज्ञ एकमताचे कारण शोधत होते. एबलसन यांच्यापासून मतभेदाचे कारण शोधणे हे काम झाले. पुढची सहा दशके या विषयातले बहुतेक मोठे संशोधन या प्रश्नाच्या अवतीभवती फिरत राहिले आहे.

एबलसन यांच्या कामाची दुसरी बाजूही इतिहासात नोंदवली पाहिजे. १९५९ मध्ये स्थापन झालेल्या सिम्युलमॅटिक्स कॉर्पोरेशन या कंपनीत ते सामील होते. कंपनीने अमेरिकी मतदारांचे ४८० प्रकार पाडले, जुन्या जनमत पाहण्यांचे आकडे संगणकात भरले आणि १९६० मध्ये केनेडी यांच्या पक्षाला सल्ला दिला. कंपनीचा गाजावाजा मोठा झाला, पुढे व्हिएतनाम युद्धातही तिने कामे घेतली आणि १९७० मध्ये ती दिवाळखोरीत निघाली. मते कशी पसरतात हे समजून घेण्याची उत्सुकता आणि ती आपल्याला हवी तशी वळवण्याची घाई, या दोन्ही गोष्टी त्या काळापासून या शास्त्राच्या सोबत आहेत.

शेजार, उंबरठा आणि हट्ट

एबलसन यांच्या प्रश्नाला पहिले उत्तर अगदी वेगळ्या दिशेने आले. १९७३ मध्ये ब्रिटिश गणिती पीटर क्लिफर्ड आणि एडन सडबरी दोन प्रजातींमधल्या जागेच्या झगड्याचा अभ्यास करत होते. १९७५ मध्ये रिचर्ड हॉली आणि थॉमस लिगेट यांनी त्याच गणिताला मतदारांची भाषा दिली. इथे सरासरी नाही. प्रत्येक मतदाराचे मत ‘हो’ किंवा ‘नाही’ असते आणि अधूनमधून तो एखाद्या शेजाऱ्याचे मत जसेच्या तसे उचलतो. मतदार एका अमर्याद रांगेत किंवा अमर्याद पटावर बसले असतील, तर कोणत्याही दोन मतदारांची मते काळाच्या ओघात जुळत जातात. पण मांडणी तीन मित्यांची केली, म्हणजे शेजार वर-खालीही पसरला, की दोन्ही मते कायम एकत्र नांदतात!

याचे कारण १९२१ च्या एका प्रमेयात आहे. झुरिकमध्ये शिकवणारे जॉर्ज पोल्या फिरायला जात, तेव्हा एकाच तरुण जोडप्याशी त्यांची पुन्हा पुन्हा गाठ पडे. वाट फुटेल तसे भटकणाऱ्यांच्या भेटी किती अटळ असतात, याचा त्यांनी हिशेब मांडला. सपाट जागेवर असे दोन भटके कधी ना कधी भेटणारच. तीन मित्यांत मात्र ते एकमेकांना कायमचे चुकू शकतात. मतदारांच्या मॉडेलमध्ये आपले आजचे मत कोणाकडून आले, त्याच्याकडे ते कोणाकडून आले, असा माग काढत मागे गेले की तो मागही असाच भटकत जातो. दोघांचे माग एका पूर्वजाला मिळाले, तर मते एकच. न मिळाले, तर वेगळी राहण्यास वाव. एकमत होणार की नाही, हे इथे माणसांच्या स्वभावाने ठरत नाही, त्यांच्या शेजाराच्या रचनेने ठरते.

रचनेचे हेच महत्त्व सत्तरच्या दशकात समाजशास्त्रातही पुढे आले. थॉमस शेलिंग यांनी पटावर दोन प्रकारची नाणी मांडली. शेजारी आपल्यासारखे अगदीच थोडे असतील तर नाण्याने जागा बदलायची, एवढा सौम्य नियम ठेवला. कोणालाही पूर्ण विभागणी नको असताना पट दोन वस्त्यांत विभागला गेला. १९७८ मध्ये मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी शंभर माणसांच्या जमावाचा दाखला दिला. पहिला माणूस कोणाची वाट न पाहता दगड उचलतो. दुसरा एकाने उचलला की उचलतो, तिसरा दोघांनी उचलल्यावर, असे शेवटच्यापर्यंत. शंभरही जण दंगलीत उतरतात. आता दुसऱ्या माणसाच्या जागी असा माणूस ठेवा, की जो दोघांनी उचलल्याशिवाय हलत नाही. दगड एकाच हातात राहतो आणि दंगल होत नाही. दोन्ही जमाव जवळजवळ सारखेच, तरी दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात एक जमाव हिंसक ठरेल आणि दुसऱ्यात एक माथेफिरू सापडल्याची नोंद होईल. निकालावरून माणसांच्या मनाचा अंदाज बांधणे किती धोक्याचे आहे, याचा हा धडा आहे.

नाती दुभंगतात कशी, याचा एक छोटा खरा दाखला वेन झॅकरी यांनी टिपला. अमेरिकेतल्या एका विद्यापीठात १९७० ते १९७२ या काळात ते एका कराटे क्लबचे निरीक्षण करत होते. शिकवणीच्या दरावरून प्रशिक्षक आणि क्लबचा पदाधिकारी यांच्यात बिनसले आणि क्लब फुटला. झॅकरी यांच्याकडे ३४ सदस्यांच्या मैत्रीचा नकाशा होता. या नकाशातला सर्वांत कमकुवत भाग कुठे आहे, हे त्यांनी गणिताने काढले आणि त्या जागी जाळे कापले. कोण कोणत्या बाजूला गेला, हे एका सदस्याचा अपवाद वगळता अचूक निघाले. १९७७ चा हा छोटा नकाशा आज जगभरच्या वर्गांत जाळ्यांचा पहिला धडा म्हणून शिकवला जातो.

फ्रेंच आणि डीग्रूट यांच्या सरासरीच्या वाटेवर मात्र एबलसन यांचे कोडे तसेच उभे होते. तिथले एक ठोस उत्तर १९९० मध्ये नोआ फ्रीडकिन आणि यूजीन जॉन्सन यांनी दिले. त्यांनी प्रत्येक माणसाला त्याची स्मृती परत केली. दर फेरीला माणूस दुसऱ्यांचे ऐकतो, पण आपल्या मूळ मतालाही काही वजन देत राहतो. अशा थोड्याशा हट्टानेही पूर्ण एकमत होत नाही. मते जवळ येतात आणि काही अंतर राखून स्थिरावतात. ॲश यांच्या खोलीत न डगमगलेले ते विद्यार्थी अखेर समीकरणात आले.

ऐकण्याची मर्यादा

१९९७ मध्ये फ्रेंच यांच्याच मिशिगन विद्यापीठातून रॉबर्ट ॲक्सेलरॉड यांनी हा प्रश्न पुन्हा विचारला. माणसे एकमेकांत मिसळली की सारखी होत जातात. मग जगातले सगळे भेद आजवर मिटले का नाहीत? त्यांनी दहा गुणिले दहाच्या पटावर शंभर गावे मांडली. प्रत्येक गावाच्या संस्कृतीची पाच अंगे, जशी भाषा, धर्म, पेहराव, आणि प्रत्येक अंगाचे दहा पर्याय. दोन शेजारी गावांत जितके साम्य, तितकी त्यांच्यात देवाणघेवाण होण्याची शक्यता. देवाणघेवाण झाली की एक भेद मिटतो. ज्या दोन गावांत काहीच समान नाही, त्यांच्यात बोलणेच नाही.

नियम फक्त सारखेपणाकडे ओढणारे होते, तरी सरासरी तीनेक वेगवेगळे प्रदेश कायमचे उरले. शेजारपाजारची गावे एक झाली. मात्र दोन प्रदेशांच्या सीमेवर काहीच समान उरले नाही, म्हणून संवादही उरला नाही. जवळ साधलेल्या एकीनेच दूरचा दुरावा पक्का केला. या मॉडेलचा एक निष्कर्ष बहुभाषक, बहुपंथी देशातल्या वाचकाने आवर्जून लक्षात ठेवावा: संस्कृतीची अंगे जितकी जास्त, तितके शेवटी उरणारे प्रदेश कमी. बोलायला विषय जितके अनेक, तितकी कुठेतरी गाठ जुळण्याची शक्यता अधिक. धर्म जुळला नाही तर भाषा जुळेल, भाषा जुळली नाही तर शेती जुळेल. माणसाची ओळख एकाच अंगावर आणून ठेवली, की ही दारे बंद होतात.

शतक उलटताना एबलसन यांच्या कोड्याचे सर्वांत नेमके उत्तर युरोपात दोन ठिकाणी जवळजवळ एकाच वेळी मिळाले. फ्रान्समध्ये गियोम देफुआं आणि त्यांचे सहकारी शेतकऱ्यांवर काम करत होते. पर्यावरण सांभाळणाऱ्या शेतीच्या युरोपीय योजना शेतकरी स्वीकारतात की नाकारतात, यावरचा तो प्रकल्प होता. आयोवाच्या मक्यानंतर साठ वर्षांनीही या शास्त्राला नवा विचार शेतकऱ्यांनीच पुरवला. जर्मनीत ब्रेमेनचे गणिती उलरिख क्राउझे आणि बायरॉइटचे तत्त्वज्ञ राइनर हेगझेलमान हे एकत्र आले होते. फ्रेंच गटाचा निबंध २००० चा, जर्मन जोडीचा २००२ चा. दोघांची कल्पना एकच: माणूस दुसऱ्यांचे ऐकतो, पण ज्यांचे मत आपल्या मतापासून ठरावीक अंतराच्या आत आहे, त्यांचेच ऐकतो. त्या अंतराबाहेरचा माणूस त्याच्या लेखी नसतोच.

एबलसन यांनी दूरच्या मताचा प्रभाव कितीही क्षीण करून पाहिला होता, पण शून्य केला नव्हता. ‘फार थोडे’ आणि ‘अजिबात नाही’ यांच्यातच उत्तर दडले होते. हेगझेलमान आणि क्राउझे यांनी ० ते १ या पट्टीवर मते विखुरलेली शेकडो काल्पनिक माणसे घेतली. ऐकण्याची मर्यादा ०.०१ ठेवली, तेव्हा तीसहून अधिक मते शेवटपर्यंत टिकली. ०.१५ ला समाज दोन छावण्यांत फुटला. ०.२५ ला सगळे एकमताला आले. स्वभाव तोच, गणित तेच, आरंभीची मतेही तीच. दुसऱ्याचे किती दूरवरून ऐकून घ्यायचे, एवढे एकच माप बदलले आणि समाजाचे रूप पालटले. आकडे जवळून पाहिले की आणखी एक गोष्ट दिसते. फुटण्याच्या बेतात आलेल्या समाजाला काही काळ मध्यावरची मोजकी माणसे धरून ठेवतात. दोन्ही बाजूंचे त्यांना ऐकू येते आणि दोन्ही बाजूंना त्यांचे. ती कोणत्याही एका छावणीत ओढली गेली, की दोन्ही तटांमधला शेवटचा रस्ता संपतो.

मत पटले नाही तर माणूस उलट्या दिशेलाही जातो, हा धागाही जुना आहे. मित्राचा शत्रू तो शत्रू आणि शत्रूचा शत्रू तो मित्र, या व्यवहारज्ञानाचे गणित डॉर्विन कार्टराइट आणि हॅरारी यांनी १९५६ मध्येच केले होते. सगळेच परस्परांना ओळखतात अशा गटात हा नियम सर्वत्र पाळला गेला, तर गट एकतर एकसंध राहतो, नाहीतर बरोबर दोन वैरी तटांत वाटला जातो. भारतात कोलकात्याच्या भौतिकशास्त्रज्ञांनी या वाटेवर लक्षणीय काम केले. सौम्यज्योती विश्वास, अर्णब चॅटर्जी आणि पारोंगमा सेन यांनी २०१२ मध्ये मांडलेल्या मॉडेलमध्ये दोन माणसांच्या भेटीतून कधी मत जुळते, तर कधी उलटे जाते. सगळे सगळ्यांना भेटू शकतात अशा समाजात उलट्या परिणामांचे प्रमाण एक चतुर्थांशाच्या खाली असेल, तर समाजाचा कल एका बाजूला ठरतो. ते त्यापुढे गेले, की कोणताही सामूहिक कल उरत नाही. पाणी गोठताना जसा एका ठरावीक तापमानाला बदल होतो, तसा हा बदल एका ठरावीक प्रमाणाला होतो. पारोंगमा सेन आणि बिकास चक्रवर्ती यांच्या २०१३ च्या पुस्तकाने या शाखेचा पाया नव्या अभ्यासकांना खुला केला.

मॉडेलांचा हिशेब

इतकी उत्तरे हाती आल्यावर खरी परीक्षा उरते ती पुराव्याची आणि तिथे हे शास्त्र अजून कच्चे आहे. कराटे क्लबसारखे स्वच्छ दाखले थोडे. प्रयोगांत माणसे एकमेकांच्या मताकडे सरकतात, हे पुन्हा पुन्हा दिसले आहे. न आवडणाऱ्या माणसाच्या मतापासून ती मुद्दाम दूर जातात का, हे तपासणाऱ्या २०१६ च्या एका प्रयोगात कारोय ताकाच, आंद्रेआस फ्लाखे आणि मिखाएल मेस यांना तसा ठोस पुरावा मिळाला नाही. २०१८ मध्ये क्रिस्टोफर बेल आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या ट्विटर वापरणाऱ्यांना महिनाभर विरुद्ध बाजूचे संदेश वाचायला लावले, तेव्हा रिपब्लिकन मतदार आपल्या बाजूला अधिकच सरकले. दोन्ही निकाल खरे असू शकतात. ओळखीच्या माणसाशी समोरासमोर बोलणे आणि अनोळखी घोषणांचा रोजचा मारा, या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. नॉयराथ यांनी १९५६ मध्ये आपल्याच गावांत रेडिओ आणि मंडळ यांच्यात दाखवलेला फरक याच जातीचा आहे. म्हणून एखादे मॉडेल निवडणुकीचा निकाल किंवा दंगलीचा दिवस सांगू शकते असे कोणी म्हणाले, तर सिम्युलमॅटिक्सची कहाणी आठवावी.

तरीही नव्वद वर्षांच्या या कामातून काही गोष्टी पक्क्या झाल्या आहेत. मतभेद हा शिक्षणाच्या अभावाचा किंवा वाईट हेतूंचाच परिणाम असतो, हे खरे नाही. समंजस, एकमेकांचे ऐकणारी माणसेही केवळ शेजाराच्या रचनेमुळे, मूळ मताशी असलेल्या निष्ठेमुळे किंवा ऐकण्याच्या मर्यादेमुळे वेगळी मते बाळगत राहू शकतात. एकमत हा सत्याचा पुरावा नाही, हे ॲश यांच्या खोलीने दाखवले आणि एकट्याला एक साथीदार मिळाला तर तो डोळ्यांना दिसते ते बोलू शकतो, हेही तिथेच दिसले. अनेक मते एकत्र नांदणे ही समाजाची निरोगी अवस्था असू शकते. धोका सुरू होतो तो मते वेगळी असल्याने नव्हे, तर त्यांच्यामधला शेवटचा रस्ता तुटल्याने. प्रभाव कितीही क्षीण असो, तो शून्य नसेल, तर संवादाला जागा उरते, हे एबलसन यांच्या निराशेतून निघालेले सर्वांत आश्वासक सूत्र आहे.

म्हणून ग्रामसभा चालवणाऱ्यांनी, संस्थांच्या बैठका घेणाऱ्यांनी, घरचा किंवा गावचा व्हॉट्सॲप गट सांभाळणाऱ्यांनी या इतिहासातून एक व्यवहाराची गोष्ट घ्यावी. सगळ्यांना एका मतावर आणण्याचा अट्टहास सोडावा, पण दोन्ही बाजूंशी ज्यांचे बोलणे आहे अशा माणसांना कधीही गमावू नये. त्यांना दुटप्पी म्हणून हिणवू नये, गटातून काढू नये, बाजू निवडायला भाग पाडू नये. समाज एकत्र धरून ठेवण्याचे काम तीच माणसे करत असतात.